वापरलेल्या सीबी रेडिओवर फार खरखर येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना सीबी (सिटिझन्स बँड, सामान्य लोकांसाठीचा दुतर्फा बोलण्याचा रेडिओ) सेट हातात आला, उत्साहाने जोडला आणि स्पीकरमधून नुसता गोंगाट आला, की बहुतेकांचा पहिला ग्रह होतो की आपल्याला बिघडलेला सेट गळ्यात मारला. बऱ्याचदा सेट निर्दोष असतो. खरखर आत शिरायला तीनच वाटा आहेत: अँटेना, पुरवठ्याच्या तारा आणि सेटचं स्वतःचं पोट. ती कुठल्या वाटेने येते हे कळेपर्यंत झाकणाच्या स्क्रूला हात लावू नये आणि कुठलाही फिल्टर विकत घेऊ नये, एवढं माझं ठाम म्हणणं आहे. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत.

सेट चालू केला की सतत "सूंऽऽ" असा आवाज येतो. हा बिघाड आहे का?

स्क्वेल्च (रिकाम्या चॅनलवरचा आवाज बंद ठेवणारा नॉब) पूर्ण उघडा असेल, म्हणजे नॉब डावीकडे टोकाला असेल, तर नाही. सीबीचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आहेत, आणि या पट्ट्यात हवा कधीच पूर्ण शांत नसते. विजांचे कडाडे, माणसाने बनवलेली उपकरणं आणि खुद्द आकाशगंगा असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. कार्ल जान्स्की या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेकडून येणारी रेडिओ-फुसफुस पहिल्यांदा ओळखली ती २०.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सीबीपासून फार लांब नाही.

त्यात भर म्हणजे रिसीव्हरमधली स्वयंचलित गेन-नियंत्रणाची व्यवस्था (गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण). कुणी बोलत नसतं तेव्हा ती गेन पूर्ण वाढवून ठेवते, त्यामुळे रिकाम्या चॅनलवर फुसफुस जास्त वाटते. जवळचं स्टेशन बोलायला लागलं की गेन आपोआप खाली येतो आणि मागची सूं दबते. तुमच्या सेटवर असं होत असेल तर रिसीव्हर व्यवस्थित चालतोय असं समजा.

मग "जास्त" खरखर म्हणजे किती?

आवाज किती मोठा आहे यावरून ठरवू नका. तो व्हॉल्यूमच्या नॉबवर अवलंबून आहे. काय ऐकू येत नाही यावरून ठरवा. दुसऱ्या सेटवर स्वच्छ ऐकू येणारं, काही किलोमीटरवरचं स्टेशन तुमच्या सेटवर खरखरीत बुडत असेल तर ती जास्त आहे. एस-मीटर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा काटा, अंदाजापुरता चालतो. दाट वस्तीत कुणी बोलत नसतानाही काटा तीन-चारपर्यंत चढलेला दिसला तर नवल नाही, पण सहा-सातवर ठाण मांडून बसला असेल तर शोध घ्यायलाच हवा. एक लक्षात ठेवा, सीबी सेटवरचे मीटर क्वचितच नेमके असतात. तोच सेट आज किती आणि उद्या किती दाखवतो, एवढी तुलना करायला ते पुरेसे आहेत.

सगळ्यात आधी कोणती चाचणी करायची?

अँटेना काढायची. दोन मिनिटांचं काम आहे, हत्यार लागत नाही आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सेट चालू ठेवा, चॅनल रिकामा निवडा, स्क्वेल्च उघडा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता ठरवणारा नॉब) असेल तर पूर्ण वर आणि एनबी-एएनएल ही खरखर कमी करणारी बटणं बंद ठेवा. आता मागचा अँटेनाचा कनेक्टर सोडवा आणि कान देऊन ऐका. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रोध) असेल तर अँटेनाच्या जागी तो लावा, म्हणजे चाचणी जास्त भरवशाची होते. अँटेना किंवा डमी लोड जोडलेला नसताना माइकचं बटण अजिबात दाबू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर जळायला काही सेकंदही पुरतात.

खरखर एकदम खाली आली, मागे हलकीशी फुसफुस तेवढी राहिली, तर सेट बरा आहे. आवाज बाहेरून, अँटेनाच्या वाटेने येतोय.

काहीच फरक पडला नाही, तर दोन शक्यता उरतात. एक, आवाज पुरवठ्यातून किंवा सेटच्या आतून येतोय. दुसरी लोकांच्या लक्षात येत नाही: अँटेना मुळात जोडलेलीच नव्हती. केबल आतून तुटलेली असेल किंवा सॉकेटच्या मागचा सोल्डरचा जोड सुटलेला असेल, तर अँटेना लावा नाहीतर काढा, रिसीव्हरला काही कळत नाही. म्हणून शक्य असेल तर माहितीतली चांगली केबल आणि अँटेना लावून हीच चाचणी पुन्हा करा.

खरखर थोडी कमी झाली पण बरीच उरली, तर दोन्ही वाटांनी येतेय. आधी पुरवठ्याची वाट बंद करा, मग अँटेनाकडे वळा.

पुरवठ्याची वाट तपासायची सोपी युक्ती म्हणजे सेट सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवणं. चार्जर नाही, ॲडाप्टर नाही, गाडीच्या तारा नाहीत, नुसती बॅटरी आणि दोन आखूड तारा. लाल तारेत फ्यूज मात्र हवाच. बॅटरीवर आवाज गेला तर दोष पुरवठ्यात आहे.

व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी आवाज येतच राहतो. म्हणजे काय?

म्हणजे तो आवाज रेडिओलहरींचा नाही. व्हॉल्यूम नॉबच्या पुढचा भाग फक्त ऑडिओचा असतो, त्यामुळे हा आवाज पुरवठ्यातून किंवा ऑडिओच्या टप्प्यात शिरतोय. घरच्या ॲडाप्टरवर जड "घूंऽऽ" असेल तर ॲडाप्टर संशयित. स्वच्छ बॅटरीवरही तीच घूं राहिली तर सेटमध्येच दोष आहे.

गाडीत इंजिन चालू केलं की आवाज येतो, वेग वाढवला की तोही चढतो. काय करू?

इथे दोन वेगळे आवाज असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. गल्लत केली की पैसे आणि सुट्टीचा दिवस दोन्ही वाया जातात.

पहिला आवाज शिट्टीसारखा, "ईंऽऽ" असा सलग. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर चढतो, सोडला की उतरतो. हा अल्टरनेटरचा. तो बहुतेक वेळा पुरवठ्याच्या तारांतून येतो, त्यामुळे अँटेना काढूनही राहतो आणि पुष्कळदा तुम्ही बोलताना समोरच्यालाही ऐकू जातो. समोरच्याने "तुझ्या मागे शिट्टी वाजतेय" असं सांगितलं तर हा पक्का पुरावा धरा.

यावर उपाय म्हणजे सेटची लाल तार डॅशबोर्डच्या फ्यूज-बॉक्समधून किंवा सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून न घेता थेट बॅटरीवरून आणणं, बॅटरीच्या जवळच फ्यूज लावणं आणि तार पुरेशी जाड वापरणं. ४ वॅटचा साधा सेट बोलताना दोनेक अँपिअर घेतो, म्हणजे भार फार नाही. पण सॉकेटच्या तारेवर गाडीतल्या दहा गोष्टींचा कचरा आधीच असतो. काळी तारही बॅटरीपाशीच न्यावी, मात्र नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे तार थेट टोकाला न लावता, बॅटरीचा जाड अर्थ-पट्टा बॉडीला जिथे बसवलेला असतो तिथे लावा. एवढं करूनही शिट्टी उरली तरच पुरवठ्याच्या तारेत फिल्टर टाकायचा विचार करा. शिट्टी अचानक सुरू झाली असेल आणि सोबत हेडलाइटही लुकलुकत असतील, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. तो दोष रेडिओचा नाही, गाडीचा आहे.

दुसरा आवाज "टक-टक-टक" असा तुटक. वेग वाढला की टकटक दाट होते. हा स्पार्क प्लगचा. तो हवेतून, अँटेनाच्या वाटेने येतो, म्हणून अँटेना काढताच गायब होतो. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, तिथे असा आवाज आला तर इंजेक्टरची वायरिंग आणि इंधनाचा पंप पाहा.

प्लगच्या टकटकीवर पहिला उपाय रेझिस्टर असलेले प्लग आणि रोध असलेल्या, गोंगाट दाबणाऱ्या तारा. बहुतेक गाड्यांत ते असतातच, पण जुन्या गाडीत कुणीतरी साधे प्लग बसवलेले असू शकतात. रेझिस्टर प्लगमध्ये आत साधारण ५ किलोओहमचा रोध असतो. दुसरा उपाय गाडीच्या सुट्या भागांना बॉडीशी जोडणं: बॉनेट, मागचं झाकण, एक्झॉस्टचा पाइप. लांबलचक एक्झॉस्ट पाइप रबरी टांगण्यांवर लोंबकळत असतो आणि इंजिनातला गोंगाट मागच्या टोकापर्यंत वाहून नेऊन अँटेनासारखा हवेत फेकतो. तांब्याची विणलेली, चपटी आणि शक्य तितकी आखूड पट्टी वापरा. जोडाच्या जागेवरचा रंग आणि गंज खरवडून धातू चमकेपर्यंत साफ करा. रंगावर स्क्रू आवळून जोडलेली पट्टी काहीच काम करत नाही.

वायपर, पंखा, मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे, हे एकेक करून बंद करून पाहा. स्वस्त चार्जर आणि स्वस्त एलईडी यांच्यावर माझा संशय सगळ्यात आधी जातो.

घरात लावलाय. गाडी नाही, इंजिन नाही, तरी खरखर. कुठून येत असेल?

घर म्हणजे आज स्विचिंग पुरवठ्यांचं कोठार आहे. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मुख्य स्विच पाडा. (फ्रिज आणि कॉम्प्युटर आधी नीट बंद करा, घरात कुणाचं वैद्यकीय उपकरण विजेवर चालत असेल तर ही चाचणी करू नका.) खरखर गेली, तर गुन्हेगार घरातच आहे. मग सर्किट ब्रेकर एकेक करून चालू करत जा. कुठल्या ब्रेकरला आवाज परत आला ते कळलं, की त्या खोलीतले प्लग एकेक काढत जायचं. सावकाश केलं तरी तासाभरात पत्ता लागतो.

नेहमीचे संशयित: एलईडी बल्ब, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, दिव्यांचे डिमर, सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, जुने प्लाझ्मा टीव्ही आणि विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट फिरवणारे ॲडाप्टर. शेवटच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ही यंत्रं साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. हौशी रेडिओच्या पट्ट्यांपुरती त्यांत गाळणी ठेवलेली असते, पण सीबीचा २७ मेगाहर्ट्झ त्या सवलतीत बसत नाही. आवाज तुटक-तुटक, "टर्र-टर्र" असा येतो आणि कुणी व्हिडिओ बघायला लागलं की वाढतो. शेजारच्या घरात असलं तरी ऐकू येतं. उपाय एकच, ते काढून त्या जागी साधी नेटवर्क केबल टाकणं.

बाकी उपकरणांच्या तारांवर फेराइटचे (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) क्लिप किंवा रिंग चालतात, पण तारेवर एक क्लिप अडकवून चमत्काराची वाट पाहू नका. तार त्याच फेराइटमधून तीन वेळा फिरवली तर परिणाम साधारण नऊपट होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. फेराइट घेताना ३१ किंवा ४३ क्रमांकाचं मिश्रण मागा, २७ मेगाहर्ट्झला तीच उपयोगी पडतात. कोणत्याही ढिगातला फेराइट चालेलच असं नाही.

अँटेनाच्या केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही घरातला गोंगाट अँटेनापर्यंत जातो. त्यासाठी केबल अँटेनाच्या पायथ्याशी फेराइट रिंगमधून चार-पाच वेढे देऊन न्यायची. आणि अँटेना घराच्या भिंतीपासून जितकी दूर आणि उंच जाईल तितकी न्यायची. कुठलाही फिल्टर जे करू शकत नाही ते दहा मीटरचं अंतर करतं.

मुख्य स्विच पाडला तरी आवाज तसाच आहे.

मग तो घराबाहेरचा. कान देऊन ऐका. जाड, भुंग्यासारखी "झर्रऽऽ" असेल, सेटच्या एएम मोडवर जास्त आणि एफएम मोडवर कमी असेल, तर विजेच्या खांबावर कुठेतरी ठिणगी उडतेय. ढिला जोड, तडकलेला इन्सुलेटर, गंजलेला खिळा, काहीही असू शकतं. हा आवाज कोरड्या हवेत वाढतो आणि पाऊस पडून सगळं ओलं झालं की पुष्कळदा थांबतो. त्याची झर्र वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेची असते, म्हणजे ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात १०० ची आणि ६० च्या पुरवठ्यात १२० ची.

बॅटरीवरचा छोटा एएम रेडिओ हातात घेऊन खांबाखांबाने चालत जा, जिथे आवाज सगळ्यात मोठा तो खांब टिपून ठेवा आणि त्याचा क्रमांक वीज कंपनीला लेखी कळवा. खांब हलवून किंवा ठोकून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जीवाचा धोका आहे.

खरखर फक्त १३-१४ नंबरच्या चॅनलच्या आसपास येते, आणि सरकत सरकत दुसऱ्या चॅनलवर जाते.

हे लक्षण फार बोलकं आहे. २७.१२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी जगभर राखीव आहे, आणि ती चॅनल १३ (२७.११५) आणि १४ (२७.१२५) यांच्या बरोबर मधे पडते. प्लास्टिक जोडणारी यंत्रं आणि फिजिओथेरपीतली डायथर्मीची (शेक देणारी) यंत्रं इथे चालतात. यंत्र तापलं की त्याची वारंवारता सरकते, म्हणून गुरगुर एका चॅनलवरून दुसऱ्यावर जाते. कामाच्या वेळेतच येत असेल आणि काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशी ठरावीक लय असेल, तर जवळपास असं यंत्र आहे. तुमच्या सेटमध्ये शोधत बसू नका, चॅनल बदला.

एनबी, एएनएल, आरएफ गेन आणि स्क्वेल्च यांपैकी काय वापरायचं?

चारही नॉब-बटणांची कामं वेगळी आहेत, आणि सगळी एकदम चालू ठेवणं हा उपाय नाही.

एनबी म्हणजे नॉइज ब्लँकर. तो सिग्नल अरुंद गाळणीत जाण्याआधीच ठिणगीचा अतिशय छोटा ठोका ओळखतो आणि तेवढ्या क्षणापुरता रिसीव्हर बंद करतो. प्लगच्या टकटकीवर हा उत्तम चालतो. सलग सूंवर त्याचा काहीच उपयोग नाही. शेजारच्या चॅनलवर कुणी जोरदार बोलत असेल तर एनबी त्यालाच ठोका समजतो आणि आवाज फाटतो. तेव्हा तो बंद करा.

एएनएल शेवटच्या टप्प्यावर काम करतो. आवाजाची उंच टोकं तो छाटतो. बोलणं थोडं बोथट होतं, पण कान वाचतात.

आरएफ गेन हा लोकांनी दुर्लक्षिलेला नॉब. बोलणारं स्टेशन जवळचं असेल तर गेन खाली आणा. स्टेशन आणि खरखर दोन्ही खाली येतात, पण खरखर ऐकू येईनाशी होते आणि स्टेशन तरीही ऐकू येतं.

स्क्वेल्च खरखर कमी करत नाही. तो घरच्या दाराच्या कडीसारखा आहे, बाहेरचा गलबला तसाच राहतो, आत मात्र येत नाही. कडी फार घट्ट लावली की दूरचं हलकं स्टेशनही बाहेरच राहतं. रिकाम्या चॅनलवर आवाज जेमतेम बंद होईल तिथेच नॉब थांबवा.

वापरलेल्या सेटबरोबर केबल आणि अँटेनाही मिळाली. ती वापरू का?

वापरण्याआधी तपासा. जुन्या सेटपेक्षा जुनी केबल जास्त त्रास देते.

कनेक्टर उघडून बघा. चांगल्या जोडात बाहेरची जाळी लालसर तांब्याची किंवा कथिलाच्या थराने चमकणारी दिसते. पाणी शिरलेल्या केबलमध्ये जाळी काळी पडलेली असते, कधी हिरवी बुरशी चढल्यासारखी, आणि बोटांनी चोळली तर भुगा होतो. असा भाग कापून बघा. दोन-तीन वीत कापूनही आत काळंच दिसत असेल तर केबल फेकून द्या, कारण पाणी केशाकर्षणाने जाळीतून पुष्कळ लांब जातं. जाळी तुटकी असली की केबल गोंगाट अडवू शकत नाही, उलट तीच वाटेतला गोंगाट गोळा करते.

मल्टिमीटरने मधली तार ते जाळी मोजा, केबल दोन्ही टोकांना सुटी असताना. मीटरने जोड नाही, म्हणजे अनंत रोध, असंच दाखवायला हवं. एखादा आकडा दाखवला तर आत ओल किंवा शॉर्ट आहे. मग मधली तार टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि मोजताना केबल हलवा. आकडा उड्या मारत असेल तर तिथेच तुटकं आहे.

अँटेनाच्या पायथ्याशी गाडीची बॉडी आणि माउंट यांच्यात पक्का धातूचा संपर्क हवा. चुंबकाच्या पायाचा अँटेना असेल तर खालची धूळ आणि लोखंडाचा कीस पुसा. गाडी चालताना खरखर आणि उभी असताना शांतता, असं असेल तर आधी माउंटकडेच बघा.

एसडब्ल्यूआर १.३ आहे, म्हणजे अँटेना चांगली. तरी खरखर?

एसडब्ल्यूआर सेट आणि अँटेना यांचा मेळ दाखवतो. १.५ च्या खाली छान, ३ च्या वर बोलूच नये. पण गोंगाटाशी त्याचा थेट संबंध नाही. चांगली अँटेना स्टेशन जितकं चांगलं पकडते तितकाच गोंगाटही.

सगळ्या चॅनलवर फक्त खरखर, एकही स्टेशन नाही.

आधी मोड बघा. सेट एफएमवर असेल आणि तुमच्या भागात लोक एएमवर बोलत असतील, तर बोलणं खरखरीतच हरवतं. रिकाम्या चॅनलवर एफएमची फुसफुस मुळातच जास्त कर्कश असते.

मग पट्टा बघा. सेट ब्रिटनमधून आलेला असेल तर तो १९८१ च्या तिथल्या एफएम पट्ट्याचा असू शकतो. तो २७.६०१२५ ते २७.९९१२५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे नेहमीच्या ४० चॅनलच्या पूर्ण बाहेर. चॅनल १ ते ४० असेच आकडे दिसतात, पण ऐकणं वेगळ्याच ठिकाणी चाललेलं असतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये देशानुसार पट्टा बदलायची सोय असते आणि आधीच्या मालकाने ती बदलून ठेवलेली असते. मॅन्युअल शोधा, सेटिंग परत आणा, आणि आपल्या देशात कोणता पट्टा चालतो तेही पाहून घ्या.

हे दोन्ही ठीक असेल, दुसरा सेट शेजारी बोलला तरच ऐकू येत असेल आणि अँटेना लावली-काढली तरी फुसफुस तेवढीच राहत असेल, तर रिसीव्हरचा पहिला ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. जवळ पडलेली वीज किंवा अगदी शेजारच्या जोरदार सेटचा मारा याने तो जातो. भाग स्वस्त असतो. माहितगार माणसाने बदलला तर सेट पुन्हा उभा राहतो.

काही चॅनल चांगले, काहींवर नुसती खरखर. असं का?

सेटवर २३ चॅनल असतील तर तो बहुधा अमेरिकेत १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनल सुरू झाले त्याच्या आधीचा आहे. त्यात क्रिस्टलांच्या जोड्यांनी चॅनल बनतात. १ ते ४, ५ ते ८ असा सलग चारांचा गट मेला असेल तर त्या गटाचं एक क्रिस्टल गेलं. दर चौथा चॅनल मेला असेल तर दुसऱ्या संचातलं. काहीच सूत्र दिसत नसेल तर चॅनलच्या फिरत्या स्विचमध्ये मळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच दोन्ही बाजूंनी वीस-तीस वेळा फिरवा.

सेटवर थाप मारली की खरखर बदलते.

मग आत ढिला जोड आहे. सगळ्यात जास्त दोष सापडतात ते अँटेना सॉकेटच्या मागे, व्हॉल्यूम आणि स्क्वेल्चच्या नॉबपाशी आणि बोर्डला चॅसिसशी जोडणाऱ्या स्क्रूपाशी. स्क्रू आधी आवळा. मग बोर्ड भिंगातून पाहा. सोल्डरच्या टिकलीभोवती बारीक गोल भेग दिसली की जागा सापडली. सुक्या लाकडी काडीने एकेक भाग हलकेच दाबत गेलं तर भेग लपून राहत नाही.

व्हॉल्यूम फिरवतानाच फक्त खरखर येत असेल तर नॉबमध्ये क्लीनरचा फवारा मारा, बस.

एक दोष मात्र जुन्या सेटमध्ये माणसाला फार छळतो. मधेच, कुणी हात न लावता, दूर वीज कडाडल्यासारखी कडकड येते आणि अँटेना काढली तरी थांबत नाही. बोर्डवर छोटे चौकोनी पत्र्याचे डबे दिसतील, त्यांच्या माथ्यावर रंगीत फिरकी (जुळणीसाठी फिरवायचा फेराइटचा गाभा) असते. त्यांतल्या काहींच्या बुडात एक बारीक नळीसारखा कपॅसिटर असतो. त्यावरचा चांदीचा थर वर्षांनुवर्षांनी काळा पडतो आणि आत ठिणगीसारखी गळती सुरू होते. डबा उलटा करून पाहिला की पांढऱ्या नळीवरचा काळा डाग सरळ दिसतो. तो कपॅसिटर काढून त्याच मूल्याचा नवा बाहेरून लावता येतो, पण नंतर ती फिरकी पुन्हा जुळवावी लागते.

आधीच्या मालकाने आत काहीतरी केलंय असं वाटतं. कसं ओळखायचं?

फिरक्यांवर कारखान्यात मेण लावलेलं असतं. मेण तुटलेलं असेल, फेराइटची फिरकी तडकलेली असेल, तर कुणीतरी धातूच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवलेली आहे. बोर्डवर चकचकीत नवं सोल्डर, कापलेले डायोड, लोंबकळत्या तारा, ही सगळी त्याचीच चिन्हं. "ताकद वाढवण्याच्या" नादात रिसीव्हरची जुळणी बिघडवलेले सेट मी इतके पाहिलेत की वापरलेला सेट घेताना हेच आधी बघावं असं सांगेन.

अशी जुळणी कानाने परत येत नाही. सिग्नल जनरेटर आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल लागतं. चांगला जुळलेला सेट एएमवर अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपासचा सिग्नल ऐकू शकतो. तुमचा सेट पाच-दहा मायक्रोव्होल्ट मागत असेल तर तो बहिरा झालाय, आणि त्यामुळेच खरखर जास्त वाटते. तुम्ही स्वतः अंदाजाने फिरक्या फिरवू नका, आणखी बिघडेल.

सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलू का?

घूं, दबका ऑडिओ किंवा बॅटरीवरही राहणारी शिट्टी असेल तर हो. आधी पुरवठ्याच्या वाटेवरचा मोठा, मग ऑडिओचे. व्होल्टेज मूळ किंवा जास्त ठेवा, टोकं उलटी लावू नका. तक्रार नुसत्या फुसफुशीची असेल तर कपॅसिटर बदलून काही हाती लागणार नाही.

सेट आणि अँटेनाच्या मधे लिनियर ॲम्प्लिफायर (बोलण्याची ताकद वाढवणारं यंत्र) किंवा प्रीॲम्प (येणारा सिग्नल वाढवणारं यंत्र) आहे.

काढा आणि मग ऐका. प्रीॲम्प २७ मेगाहर्ट्झला स्टेशनबरोबर गोंगाटही वाढवतो, कानाला फायदा होत नाही. लिनियर बऱ्याच देशांत बेकायदा आहे हेही लक्षात घ्या.

दिवसा भयंकर गलका, रात्री शांत. का?

सूर्यामुळे. सौरडाग जास्त असलेल्या वर्षांत दिवसा २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. शेकडो स्टेशनं एकाच चॅनलवर येऊन पडतात आणि शिट्ट्या, गुरगुर, अर्धवट शब्द यांचा काला होतो. हे चक्र साधारण ११ वर्षांचं असतं, आणि सूर्य कमाल टप्प्यात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने जाहीर केलं. सेटवर एसएसबी (सिंगल साइडबँड, अरुंद पट्ट्यात बोलण्याचा मोड) असेल तर ते वापरा, नाहीतर संध्याकाळ होऊ द्या.

पाऊस आला की सूं वाढते, विजा असल्या की कडकड.

भारित थेंब उघड्या धातूच्या अँटेनावर आदळतात तेव्हा सूं येते. प्लास्टिकचं आवरण असलेली अँटेना कमी त्रास देते. विजा जवळ असतील तर खरखरीचा विचार सोडा आणि घरावरच्या अँटेनाची केबल वादळ यायच्या आधीच सेटपासून काढून ठेवा. वादळ सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका.

दुरुस्तीला नेताना काय सांगायचं?

"खरखर येते" एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून न्या: अँटेना काढल्यावर काय झालं, सुट्या बॅटरीवर काय झालं, व्हॉल्यूम शून्यावर काय राहतं, कोणत्या चॅनलवर आणि कोणत्या मोडवर येते, गरम झाल्यावर वाढते का. माइक आणि पुरवठ्याची मूळ तार सोबत ठेवा, कारण काही सेट माइक लावल्याशिवाय ऐकूच येत नाहीत. आधीच्या मालकाने केलेले बदल माहीत असतील तर तेही लिहा, आणि काढलेले भाग जपून ठेवले असतील तर पाकिटात घालून द्या.